मुंगीच्या गालांवरचा रंग

रंगमास्तरांच्या हाताखालून किती चेहरे गेले, याची मोजदाद त्यांनी स्वतःही कधी ठेवली नाही. राजे, भिकारी, चोर, नवऱ्या मुली, सगळे आधी त्यांच्या खुर्चीत येऊन बसत, मान वर करत आणि डोळे मिटत. मास्तर काही विचारत नसत. ओठांच्या कडा बघून कोण भांडून आलंय, पापण्या बघून कोण जागलंय आणि गाल बघून कोण उपाशीपोटी आलंय, हे त्यांना कळे. "बायकोला फसवता येईल, मास्तरांना नाही," असं नाटकमंडळीत म्हणत. मास्तर गालात हसत आणि स्पंज ओला करत.

त्याच मास्तरांना घरचा एक चेहरा वाचता येईना.

मुंगी त्यांची नात, लेकीची मुलगी. वय सहा. एवढीशी, पण सदा कुठेतरी निघालेली, म्हणून मुंगी. जावई बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. लेक बसस्थानकाच्या खिडकीत बसून तिकिटं द्यायची. म्हणून शाळा सुटली की मुंगी आजोबांची. प्रयोग असला की ती रंगपटातल्या मोठ्या आरशाखाली बसून रिकाम्या डब्या एकावर एक रचायची आणि आजोबांचा हात बघत राहायची.

थंडी संपता संपता तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी, आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. बोलता बोलता गप्प व्हायची. कपाळाला हात लावून म्हणायची, "दिवा घालवा ना." चेहरा खडूसारखा पांढरा व्हायचा. मग ओकारी, मग झोप, आणि तासाभराने उठून काही झालंच नाही अशी खेळायला.

सगळं करून झालं. डोळे तपासले, दात तपासले, रक्त दिलं, डोक्याचा फोटो काढला. प्रत्येक कागदावर तेच, काही दोष नाही. लेक एकदा स्वयंपाकघरात कागद टेबलावर आपटून म्हणाली, "काही नाही, काही नाही. बाबा, काहीच नाही तर मग दुखतं काय?" आणि ओट्याकडे तोंड करून रडली. दारात मुंगी उभी होती, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

शेवटी एक डॉक्टरीणबाई भेटल्या, फार न बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "कारण सापडत नाही, म्हणून दुखणं खोटं होत नाही." त्यांनी औषध दिलं आणि एक वही दिली. रोज झोपण्याआधी मुंगीने तीत एक चेहरा काढायचा. हसरा, आडव्या ओठांचा किंवा रडका. "महिनाभराने वही घेऊन या. औषध लागू पडलं की नाही, ते वही सांगेल. नाही पडलं तर दुसरं बघू. फक्त नोंद खरी हवी."

पहिल्या आठवड्यात तीन रडके चेहरे पडले. मास्तरांचं कामात लक्ष लागेना. राजाचं काम करणारा नट आरशात बघून म्हणाला, "मास्तर, एक भुवई कपाळात गेलीय. राज्य जाणार हे राजाला पहिल्याच अंकात कळलं वाटतं."

"पूस आणि बस," मास्तर म्हणाले.

त्याच दिवशी प्रयोगाआधी मुंगी दुखण्यातून नुकतीच उठली होती, मलूल. तिचं मन रमवावं म्हणून मास्तरांनी जुनी गोष्ट काढली. एकदा राणीचं काम करणाऱ्या बाईंना सणकून ताप होता. उभं राहवेना. नाट्यगृह भरलेलं. मास्तरांनी त्यांच्या गालांवर दोन नंबरचा गुलाबी चढवला, कानशिलाकडे विरवत नेला, आणि बाई तीन अंक उभ्या राहिल्या. लोक टाळ्या वाजवून थकले.

"त्यांचं दुखत होतं तरी?" मुंगीने विचारलं.

"दुखत असणारच. पण रंग चढला की दुखणं आत. बघणाऱ्याला कळता कामा नये."

"त्यांची आई आली होती बघायला?"

"आली होती की. पहिल्या रांगेत."

"मग ती रडली?"

"कशाला रडेल? तिला कळलंच नाही."

मुंगीने मान हलवली. ही गोष्ट मास्तरांनी आयुष्यात शंभरदा सांगितली असेल, पण इतकं कान देऊन कुणी ऐकली नव्हती. त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून वहीत हसरे चेहरे आले. एक, दोन, आठ, पंधरा. लेकीच्या खांद्यावरचं ओझं उतरत गेलेलं दिसू लागलं. ती भांडी घासताना गुणगुणायला लागली. "बाबा, गाल बघितलेत का तिचे? कसे भरलेत." मास्तरांनी पिवळ्या दिव्याखाली बघितले. होते खरेच गुलाबी. मुंगी हल्ली दुपारी टेबलाखाली चादर लावून बाहुलीला झोपवत बसायची, शांत. मोरीत गेली की नळ मोठा सोडायची. रंगाच्या पेटीतली गुलाबी कांडी लवकर झिजतेय, असंही एकदा मास्तरांच्या मनात येऊन गेलं. नाटकातल्या नव्या पोरी फार रंग मागतात, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. माणसाला जे बघायचं असतं, त्याला तो उजेडही तसाच लावतो.

महिना झाला. तिघं दवाखान्यात गेली. बाकावर गर्दी, पंखा बंद, वर पांढरी ट्यूब. लेक मांडीवर वही उघडून बसली होती, शेजारच्या बाईला दाखवत. "तीन आठवडे झाले, एकदाही नाही."

मुंगी गप्प होती. तिच्या कपाळावर घाम आला. एक थेंब कानशिलावरून निघाला आणि गालावरून खाली आला. त्याच्यामागे एक पांढरी रेघ उमटली.

अशी रेघ मास्तरांनी हजारदा पाहिली होती. तिसऱ्या अंकात, दिव्यांच्या धगीत, घामाने रंग ओघळतो तेव्हाची. त्यांनी मुंगीची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. दोन नंबरचा गुलाबी. कानशिलाकडे बोटाच्या पेराने विरवत नेलेला, कुठे कड म्हणून नाही. थेट त्यांचाच हात. क्षणभर, लाज वाटावी असा, त्यांना अभिमान वाटला.

पिशवीत कोल्ड क्रीम आणि कापूस कायम असे. त्यांनी गाल पुसला. खाली खडू.

"आत्ता दुखतंय?"

मुंगीने डोळे मिटून मान हलवली.

"आणि याआधी? टेबलाखाली बसायचीस तेव्हा?"

"तेव्हा पण."

"किती वेळा, बाळा?"

"मोजलं नाही." मग हळूच म्हणाली, "आजोबा, पुसू नका ना. आई पहिल्या रांगेत आहे."

लेकीने वळून बघितलं. आधी कापूस, मग गाल, मग बापाचा चेहरा. मास्तरांनी तिथेच, माना वळवून बघणाऱ्या लोकांसमोर, राणीची गोष्ट तिला सांगितली, आणि मुंगीने काय विचारलं तेही. आपला शब्द न् शब्द सांगितला, एकही गाळला नाही. लेकीने वही मिटली, मुंगीला मांडीवर घेतलं आणि तिच्या डोळ्यांवर पदर धरला.

आत डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. मास्तर म्हणाले, "बाई, ती खोटं बोलली नाही. मी शिकवलं ते तिने केलं." बाईंनी तीन आठवड्यांच्या पानांवर आडवी रेघ मारली. औषध बदललं. कारण अजून सापडलं नव्हतं, आणि सापडेल असा शब्दही त्यांनी दिला नाही.

परतताना लेक एवढंच म्हणाली, "तुम्हाला तरी दिसायला हवं होतं, बाबा."

आता पेटीला कुलूप असतं. राणीची गोष्ट मास्तर कुणाला सांगत नाहीत. रोज संध्याकाळी ते मुंगीसमोर वही ठेवतात आणि पेन्सिल देतात. पहिले काही दिवस ती त्यांच्या तोंडाकडे बघून आडवे ओठ काढायची. ते म्हणायचे, "माझ्याकडे नको बघूस. आत बघ." एका संध्याकाळी तिने बराच वेळ पेन्सिल धरून ठेवली, आणि मग रडका चेहरा काढला. डोळ्यांतून थेंब, अगदी पानाच्या कडेपर्यंत.

मास्तरांनी तो बघितला. पलीकडून लेकही बघत होती.

"शाब्बास," ते म्हणाले, आणि उठून दिवा घालवला.