सहावा लाडू

सुमनमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तिच्या पुतण्याचा फोन. "काकू गेली. सकाळी चहा घेतला, पेपर मागितला आणि बसल्या बसल्याच..."  मी गॅस बंद केला, हात पुसले, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं ते हे, की आता सांगायचं राहिलं. राहिलंच कायमचं. तीन आठवड्यांपूर्वी बदलापूरला जाऊन तिच्या खाटेशी दोन तास बसून आले होते. तिच्या गुडघ्याला तेल चोळलं, शेजारणीच्या सुनेच्या चहाड्या सांगितल्या, जाताना पाया पडले. सांगायचं ते सांगितलं नाही. घरात सगळे म्हणतात, नलूच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणोत बापडे. एक तीळ मी साठ-पासष्ट वर्षं तोंडात धरून बसले आहे आणि तो आता इथे, अनोळखी वाचकांपुढे काढते आहे.

सुमनमावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही जिन्याशेजारी, आणि ती नि काका त्याच गॅलरीच्या टोकाला. काका कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आता ही गोष्ट चाळीत कशी बोलली जाते ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. नळावर एखादीचं पोर रडायला लागलं आणि मावशीने ते उचललं, की त्याची आई हसत हसत पण लगेच येऊन घेऊन जायची. "द्या इकडे, तुमची सवय नाही त्याला." मावशी देऊन टाकायची. वर त्या पोराचं नाक आपल्या पदराने पुसूनही द्यायची. मला तेव्हाही राग यायचा. मात्र माझ्या रागाचा कुणाला कधी उपयोग झाला नाही, हे पुढे येईलच.

तिची एक रीत होती. पोरं मोजायची नाहीत. आमच्याकडे मालवणात बायका हे पाळतात, "पोरां मोजूची नसतत," मोजली की दृष्ट लागते. आई पाळायची ती तोंडदेखली, घाईत असली की बोटं नाचवून मोजायचीच. मावशी मात्र जिवापाड पाळायची. ज्याला एकही नाही त्यालाच असली भीती जास्त असते की काय, देव जाणे. गॅलरीत आम्हा पोरांची अंगतपंगत बसली, की ती आधी डब्यात पोरांइतक्या वस्तू भरायची, मग एकेका हातावर एक ठेवत जायची आणि शेवटी डबा उपडा करून दाखवायची. "डबो रिकामो, पोरां पुरी!" शेंगदाण्याचे लाडू तिचे ठरलेले. गूळ जास्त, वेलची भरपूर, आणि वळलेले असे घट्ट की दाढेखाली टाकून फोडायला लागत.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आम्हा पोरांना त्यातलं "झालाच पाहिजे" एवढंच येत होतं, आणि ते आम्ही संडासाच्या रांगेतसुद्धा ओरडत होतो. मोठ्यांचं तसं नव्हतं. काका सत्याग्रहाला जाऊन आले होते, वडील सभेला जात, आणि आई प्रत्येक सभेच्या संध्याकाळी गॅलरीच्या कठड्याला धरून उभी. नाक्यावर अश्रुधूर सोडला तो एकदा वाऱ्याने आमच्या खोलीपर्यंत आला. माझा धाकटा भाऊ बंडू चार वर्षांचा, रात्रभर खोकला. त्या आठवड्यात मावशीने गॅलरीत जाहीर केलं, की शनिवारी शाळा सुटली की ती पोरांना माहीमला नेणार. काकांची आत्या तिथे खाडीच्या बाजूला राहायची, मोठं अंगण, समोर होड्या. "दोन दिवस मोकळी हवा खाऊ देत. रविवारी दिवे लागायच्या आत एकेकाला दारात आणून सोडते." दोन दिवस बायकांची कुजबुज चालली. शेवटी सहा पोरं मिळाली. मी आणि बंडू, वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ, माझ्या वर्गातली कुंदा, आणि पार्वतीकाकूंची पाच वर्षांची शकू. पार्वतीकाकूंनी शकूचा हात मावशीच्या हातात दिला, पुन्हा मागे घेतला, पुन्हा दिला. मावशी इतकी खूश मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती (मी तेव्हा दोन वर्षांची, पण फोटोत दिसतं ना).

लालबाग ते माहीम म्हणजे काही काशीयात्रा नव्हे. ट्रामने दादरपर्यंत, पुढे बस. पण आम्ही गाव सोडून निघाल्यासारखे निघालो, खांद्यावर पिशव्या, वेण्या घट्ट. आत्येच्या अंगणात दोरीवर बोंबील वाळत होते. ओहोटीला चिखलात खेकडे धावायचे आणि ते आपल्या अंगावर येतात या समजुतीने कुंदा किंचाळायची. रात्री अंगणात ओळीने गोधड्या. मावशी कुणाच्याही मध्ये झोपली नाही, सगळ्यांच्या पायाशी आडवी झोपली, म्हणजे उठून कुणी गेलं तर तिच्यावरून जावं लागेल. सुख होतं, नाही म्हणत नाही. पण रविवारी सकाळपासून शेजारचे पुरुष दारात येऊन आत्येच्या यजमानांशी हळू बोलून जात होते. दादरकडे गडबड आहे, गाड्या बंद होतील, कर्फ्यू लागेल म्हणतात. आत्या म्हणाली, "सुमन, आजची रात रव गो. उद्या बघू." मावशी दारात उभी राहून नखं चावत होती. तिला काय वाटत होतं ते मला आज कळतं. राहिली असती तर शहाणपणाचं झालं असतं, पण लालबागेत चार घरं रात्रभर जागी राहिली असती आणि म्हणाली असती, बघा, दिली आणि फसलो. "दिवे लागायच्या आत म्हटलंय मी, आत्या," ती म्हणाली आणि डब्यात सहा लाडू भरले.

बसने आम्हाला दादरच्या अलीकडेच उतरवलं. कंडक्टर पुढे जात नाही म्हणाला. दुकानांच्या फळ्या धडाधड पडत होत्या. मावशीने बंडूला कडेवर घेतलं आणि बाकीच्यांची साखळी केली, एकाने दुसऱ्याचा हात धरायचा, सोडायचा नाही. टोकाला शकू. आम्ही परळच्या बाजूला निघालो. जरा चाललो असू, तोच समोरून माणसं पळत आली. कुठेतरी फटाके फुटल्यासारखा आवाज झाला, डोळे चुरचुरायला लागले आणि साखळी तुटली. कुणीतरी आम्हाला एका जुन्या इमारतीच्या जिन्यात लोटलं, मागे दार लावून आडणा घातला. आत मिट्ट काळोख. वीस-तीस माणसं असतील, पोरं, बाया, एक हातगाडीवाला. सगळे खोकत होते. मावशी आमची नावं घेत होती, पण त्या गलक्यात कोण ओ देतंय आणि कोण नुसतं रडतंय, काही कळेना.

मग तिने डबा उघडला. झाकणाचा आवाज मला आजही वेगळा ओळखू येईल. "हात करा रे पुढे, एकेक घ्या." चाचपत चाचपत तिने हातांवर लाडू ठेवले. माझ्या हातावर ठेवला, मी तो लगेच तोंडात कोंबला. भूक होती, भीती होती, आणि भ्यायले की मला खायला लागतं, आजही लागतं. मग मावशीचा हात डब्यात फिरला आणि थांबला. एक उरला होता.

"कोण राहिलं गो?"

 तिने पुन्हा विचारलं. आवाज असा बारीक झाला होता, की मला तो ऐकवेना. मी डावा हात पुढे केला आणि म्हटलं, "मी."

तिने लाडू माझ्या हातावर ठेवला. डबा उपडा करून थोपटला, आणि इतका मोठा सुस्कारा टाकला की मला तो कपाळावर लागला. मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले आहे, शकू नाही हे मला माहीत होतं का? कधी वाटतं, छे, आठ वर्षांची हावरट पोर, दुसरं काही नाही. कधी वाटतं, माहीत होतं. निदान शकूचं मुसमुसणं ऐकू येत नव्हतं, आणि ती तर गोष्ट ऐकतानाही मुसमुसायची... मला ठरवता येत नाही. माझ्या सोयीचं उत्तर मला नकोच आहे.

दार उघडलं तेव्हा रस्ता शांत झाला होता आणि माणसांचा लोंढा लालबागकडे चालला होता. वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ पुढे पळाले. मावशी बंडूला घेऊन, कुंदाला नि मला ओढत जवळजवळ धावत होती. कुंदाने विचारलंसुद्धा, "शकू कुठाय?" मावशी म्हणाली, "पुढे असेल त्यांच्याबरोबर. आहेत, सगळी आहेत." डबा रिकामा झाला होता ना!

चाळीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. वेळ तिने पाळली होती. पार्वतीकाकू जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. त्यांनी आमच्या मागे पाहिलं, मग जिन्याखाली डोकावून पाहिलं. "शकू खंय?" मावशीने वळून पाहिलं. मग पिशवीतून डबा काढला, उघडला, आत पाहिलं. वेड्यासारखी त्या रिकाम्या डब्यात बघत राहिली. आणि मग तिने आम्हा पोरांच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडे आली तिथे तिची नजर थांबली. माझ्या दोन्ही मुठींना गूळ लागला होता. मी मुठी मागे लपवल्या.  तिने बंडूला आईच्या हातात दिलं आणि आली तशी उलट्या पावली जिना उतरून गेली. आई ओरडली, "सुमे, कर्फ्यू लागतोय गो!" काका घरी नव्हते. ते आल्यावर तिच्यामागे निघाले, पण नाक्यावरून पोलिसांनी परत पाठवले. ती रात्र मी गोधडीत डोकं घालून काढली आणि पार्वतीकाकूंचं रडणं ऐकलं. देवाला म्हटलं, शकूला आण, मी जन्मात लाडू खाणार नाही. शकू आली. शब्द मात्र मी महिनाभरही पाळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मावशी शकूला कडेवर घेऊन आली. पायांत चप्पल नव्हती, आवाज पार बसलेला. गल्लीगल्लीत, दारादारात "तांबडा झगा, दोन वेण्या" विचारत फिरली होती. परळच्या एका चाळीत एका बाईने शकूला ठेवून घेतलं होतं. तिचा स्वतःचा नवरा आदल्या दिवसापासून घरी आला नव्हता, तरी तिने परक्या पोरीला भाकरी नि सुकट भरवून मांडीवर निजवलं. शकू मजेत होती. मावशीच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती. पार्वतीकाकूंनी तिला ओढून घेतलं, तिच्या अंगावर हात फिरवून फिरवून पाहिलं आणि मग साऱ्या गॅलरीसमोर म्हणाल्या, "सहा पोरं मोजता येईनात? स्वतःचं असतं तर मोजलं असतंस."

मी आईच्या मागे उभी होते. मावशीने तोंड उघडलं असतं तर चार शब्दांत सुटली असती. लाडू सहा होते, सहाही गेले, मग सहावा कुणी घेतला? तिला माहीत होतं कुणी घेतला. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "चुकलं माझं." आणि मी, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही ती, गप्प राहिले.

त्यानंतर चाळीत तिच्या हातात कुणी पोर दिलं नाही. भांडण नाही, काही नाही. हळदीकुंकू होतं, वाट्या येत-जात होत्या. फक्त पोर नाही. राज्य झालं त्या रात्री चाळीत रोषणाई होती, बायका पोरांना कडेवर घेऊन गॅलरीत नाचत होत्या. मावशी दिव्यांत तेल घालत फिरत होती. तिला मूल झालं नाही ते नाहीच. माझ्यावर ती कधी रागावली नाही, उलट मायाच केली. रागावली असती तर बरं झालं असतं हो!

तेराव्याला शकू भेटली. आता ती सत्तरीच्या पुढची, गुडघे बदललेले. तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं हसेल. ती थोडं हसलीही. मग म्हणाली, "माझी आई जाईपर्यंत तेच म्हणत होती, नलू. सुमनच्या हातात पोर टिकत नाही." माझ्याकडे वळून विचारलं, "तू आठ वर्षांची होतीस, ते ठीक आहे. अठ्ठावीसची झालीस तेव्हा काय झालं होतं?"

काय झालं होतं ते सांगते. अठ्ठाविसाव्या वर्षी मला मुलगी झाली. तीन महिन्यांची रजा संपत आली तेव्हा मावशी लालबागहून आमच्या घरी आली. धुतलेलं पातळ, हातात कापडी पिशवी, पिशवीत तिने शिवलेली चार दुपटी. पाळण्यापासून दोन हात लांब बसली. म्हणाली, "नलू, तू खुशाल कामावर जा. मी येईन रोज. दिवसभर रिकामीच असते." मी म्हटलं, "कशाला गं तुला त्रास, मावशी. पाळणाघर बघितलंय मी." पोर तिच्या मांडीवर बघितलं असतं तर मला रोज तो जिना आठवला असता, म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. ती लगेच "बरं बरं" म्हणाली. दुपटी पाळण्याच्या दांडीवर ठेवली आणि विचारलं, "ती पाळणाघरवाली बाई चांगली आहे ना गो? लक्ष देते ना?"

चाळीतल्या बायांना निदान खरं ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तरी मी पोर दिलं नाही.