वहिनींनी पाळलेलं माझं सुतक

“तुझं सुतक मी तेव्हाच पाळून घेतलंय. आता परत काही पाळायला नको.”

वहिनी हे म्हणाल्या तेव्हा त्यांच्या हातात शहाळं होतं आणि शहाळ्यात कागदाची छोटी छत्री खोचलेली होती. मी वाळूत उभी होते. माझी आई गेली हे मला तासाभरापूर्वी कळलं होतं. वहिनींना ते इंग्लंडात, वॉटफर्डच्या घरी असल्यापासून माहीत होतं.

“आणि रडायचंच असेल तर तिकडे झाडामागे जा,” त्या म्हणाल्या. “आर्या घाबरते.”

कॅरिबियन समुद्रातलं ते एक बेट. आमची बोट सकाळी धक्क्याला लागली होती आणि संध्याकाळी सुटणार होती. डॉक्टर, वहिनी आणि त्यांची चार वर्षांची आर्या सुट्टीवर आले होते. मीही होते. सुट्टीवर नाही, कामावर.

हे लोक पुण्याचे. मी पुण्यात त्यांच्याकडे धुणंभांडी करायचे. नवऱ्याने टाकलेली होते, पोरंबाळं नव्हती. डॉक्टरांना वॉटफर्डच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा तान्ह्या आर्यासाठी ते मला बरोबर घेऊन आले. माझा पासपोर्ट वहिनींच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी. “तू हरवशील गं,” म्हणायच्या. चारचौघांत सांगायच्या, “ही घरचीच आहे.” मला ते खरं वाटायचं. मूर्ख होते मी.

आई गावी, साताऱ्याकडे. घरात फोन नव्हता, शेजारच्या पिठाच्या गिरणीत होता. दर रविवारी वहिनी नंबर लावून द्यायच्या आणि आई गिरणीच्या घरघरीत ओरडून ओरडून बोलायची. निघण्याआधीच्या रविवारी वहिनी म्हणाल्या, लाईन लागत नाही. मी म्हटलं, असेल.

त्या दिवशी धक्क्याबाहेरच्या बाजारात वहिनी आणि डॉक्टर टोप्या बघत होते. आर्या त्यांच्याबरोबर होती, बॅगा माझ्याजवळ. समोर फोनची टपरी दिसली. बोटीवर एका म्हाताऱ्या इंग्रज बाईने मला एक नोट दिली होती, ती कनवटीला होती. मी बॅगांसकट आत शिरले. गिरणीचा नंबर पाठ होता.

गिरणीवाल्या अण्णांनी माझा आवाज ओळखला. म्हणाले, “आता फोन करतेस होय? तेरावासुद्धा झाला.”

“कुणाचा?” मी विचारलं.

अण्णांनी गिरणी बंद केली. मग हळू आवाजात म्हणाले, “पोरी, म्हातारी गेली त्याच रात्री मी तुझ्या बाईंना फोन केला होता. दुसऱ्या दिवशी परत केला. त्या म्हणाल्या, तिला सांगितलं. ती म्हणते, यायला जमणार नाही.”

मी म्हणते. जमणार नाही.

त्यांनी पुढचंही सांगितलं. दहाव्याला कावळा शिवेना. भाऊ उन्हात नदीकाठी बसून राहिला. अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते ओळखून, “आम्ही ते करू,” असं मोठ्याने कबूल करतात. मग कावळा शिवतो. आईचं मन कशात अडकलं होतं ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण लेक येईल असं कबूल कोण करणार? लेकीनेच नाही म्हटलेलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.

फोन कधी ठेवला आठवत नाही. टपरीवाली बाई काळी, जाडजूड, माझ्या आईच्या वयाची. मी तिला “मदर” एवढंच म्हणू शकले. तिने मला तिच्या स्टुलावर बसवलं आणि शटर अर्धं खाली ओढलं, रस्त्यावरच्या लोकांना मी दिसू नये म्हणून. तिची माझी भाषा एक नव्हती. तरी तिला कळलं.

त्या स्टुलावर बसून मला एकेक आठवत गेलं.

वॉटफर्डच्या घरी देव्हाऱ्यात सांजेचा दिवा लावायचं काम माझं. निघायच्या आधीच्या आठवड्यात एकदा वहिनी म्हणाल्या, “राहू दे, देवाचं मी बघते. तू हात लावू नकोस.” मला वाटलं, माझी पाळी आली असं त्या समजल्या. तीन दिवस त्यांनीच दिवा लावला. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, “आज डोक्यावरून आंघोळ कर, मग लाव दिवा.” मी भर थंडीत केस धुतले आणि का म्हणून विचारलंही नाही.

लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीन दिवस असतं. वहिनींनी ते बरोबर मोजलं. त्यांचे देव बाटू नयेत म्हणून. देवांना माझी आई गेल्याचं कळलं होतं, मला कळलं नव्हतं. आणि सुतकातल्या माणसाच्या हातचं खात नाहीत म्हणे. पोळ्या मात्र तिन्ही दिवस मीच लाटल्या. खाण्याला सुतक लागत नसावं.

त्याच तीन दिवसांत मी आर्याला पदर खोचून नाचून दाखवलं होतं. ती खदखदून हसली होती आणि मीपण. तिकडे माझी आई जळत होती.

तिथून बॅगा उचलून मी किनाऱ्यावर गेले, टोप्या घेऊन हे लोक तिथेच जाणार होते. दुसरीकडे कुठे जाणार होते? वहिनींना विचारलं, “आई गेली हे का सांगितलं नाही?” तेव्हा त्या सुतकाचं ते बोलल्या.

मी परत विचारलं, “आणि मी येत नाही असं का सांगितलं?”

“मग काय सांगणार होते? तिकिटं झाली होती. तू गेलीस की आर्याला कोण बघणार होतं? आणि जाऊन तरी काय, गेलेलं माणूस परत येतं का?”

डॉक्टर आडवे होते, तोंडावर पुस्तक. ते न काढताच म्हणाले, “जाऊ दे गं, give her some space. संध्याकाळपर्यंत होईल नॉर्मल.”

आर्या माझ्या पदराला लोंबकळत होती. “मावशी, तू का रडतो?”

आमच्याकडे मरणाची बातमी ऐकली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करतात. मी आर्याचा हात सोडवला, बॅगा वाळूत टाकल्या आणि समुद्राकडे चालू लागले.

“अगं, बॅगा!” वहिनी ओरडल्या. “बॅगा कोण बघणार?”

“तुम्ही बघा.”

त्या लोकांना मी पहिल्यांदा कशाला नाही म्हटलं ते हे. गळ्याइतक्या पाण्यात जाऊन मी आईच्या नावाने हंबरडा फोडला. पाण्यातले गोरे लोक बाजूला झाले. झाडामागे मी गेले नाही.

बोटीवर चढतानाच सगळ्यांचे पासपोर्ट बोटीच्या ऑफिसने ठेवून घेतले होते. इंग्लंडात परतल्यावर साउथॅम्प्टनच्या बंदरात ते परत दिले, ज्याचा त्याच्या हातात. वहिनींनी सवयीने हात पुढे केला. “आण इकडे.” मी तो पोलक्यात ठेवला. बोटीवर खोल्या आवरणाऱ्या एका गोव्याच्या बाईने तिच्या बहिणीचा पत्ता मला सांगून ठेवला होता. त्या काळी आमच्यासारख्या घरकामवाल्यांच्या व्हिसावर मालक बदलता यायचा, हेही तिनेच सांगितलं. आर्याने माझं बोट घट्ट धरलं होतं. ते सोडवून त्या पत्त्यावर निघताना माझं काळीज तुटलं. अजून तुटतं.

पुढे कधीतरी गावी गेले. भावाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मला कशाला सांगतेस? कावळ्याला सांग.” तो उठून गेला. तेव्हापासून बोललेला नाही.

मी अजून वॉटफर्डमध्येच असते. म्हाताऱ्या माणसांच्या एका होममध्ये काम करते. मागे मार्केटमध्ये वहिनी भेटल्या. जुनी मैत्रीण भेटावी तसा माझा हात धरला. “अगं, किती वर्षांनी! दिवाळीला ये ना. आर्या आठवण काढते.”

आर्याचं नाव ऐकून मला भडभडून आलं. तरी मी म्हटलं, “येईन. आधी माझ्या भावाला फोन करा. तुम्ही काय सांगितलं होतं ते तुमच्या तोंडाने सांगा.”

त्या हसल्या. “अगं, केव्हाची गोष्ट! झालं गेलं गंगेला मिळालं.”

“तुमचं मिळालं असेल,” मी म्हटलं. “माझं सुतक अजून फिटलेलं नाही. तुम्ही फोन कराल त्या दिवशी फिटेल. आणि सुतकातलं माणूस कुणाच्या दारात जात नाही, वहिनी.”

मी हात सोडवून घेतला. नंबर मात्र लिहून दिला, गिरणीचाच. तो बदललेला नाही.