मागितल्यास थांबेल

माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये. तापानं फणफणला असला तरी पाण्यासाठी स्वतः उठेल, भिंत धरत धरत स्वयंपाकघरापर्यंत जाईल, पण मी उशाशी बसलेली असताना ‘पाणी दे’ म्हणणार नाही. हॉटेलात सूप अळणी आलं तर अळणीच पिईल. परक्या गावात वाट चुकली तर पाय दुखेपर्यंत फिरेल, पण समोरून येणाऱ्या माणसाला विचारणार नाही. लग्न झालं तेव्हा मला हा स्वाभिमान वाटला होता. पुढेपुढे डोक्यात तिडीक जायला लागली.

कुणाला काही विचारायची वेळच येऊ नये म्हणून माझा हा नोल्डी प्रवास इतका बारकाईनं आखायचा. आमच्या बाझल शहरातल्या लोकांच्या न्हाणीघरांत फरशा बसवण्यात त्याचा जन्म गेला. गुडघे कामातून गेले तेव्हा निवृत्त झाला, आणि तेव्हापासून हिवाळाभर आमचं जेवणाचं टेबल त्याच्या ताब्यात. रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक, नकाशा आणि टोक काढलेली पेन्सिल. कुठल्या डब्यात बसलं की उतरल्यावर जिना समोर येतो, तळं कुठल्या खिडकीतून दिसतं, संडास कुठे आहे, सगळं घरी बसून ठरलेलं. आमच्या भटक्या मंडळातले लोक म्हणायचे, नोल्डीबरोबर जायचं तर डोकं घरी ठेवून गेलं तरी चालतं. हा खाली मान घालून हसायचा.

आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती, त्या हिवाळ्यात त्यानं मोठा बेत आखायला घेतला. आधी ल्युसर्न, तिथलं तळं बोटीनं. मग बर्न शहर, मग थुनचं तळं, आणि शेवटी दातेरी रुळांच्या गाडीनं वर, बर्फापर्यंत. माझी धाकटी बहीण मार्था पण येणार होती. नवरा गेल्यापासून ती आमच्याबरोबरच फिरते, आणि तिला गप्प बसणं कधी जमलेलं नाही. एका रविवारी जेवायला आली ती कोटही न काढता नकाशावर वाकली.

“ल्युसर्नहून बर्नला हे मैदानी मुलखातून कशाला? कारखान्यांच्या भिंती बघायला? खोऱ्यातून जाणारी गाडी आहे की.”

“ती हळू जाते,” नोल्डी म्हणाला.

“अरे बाबा, मग जाऊ दे की हळू. तुला काय कुणाची फरशी बसवायचीय का तिथे?”

नोल्डी उठला आणि टोकदार पेन्सिलीलाच पुन्हा टोक काढायला लागला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. सगळा देश आम्ही पालथा घातला होता, पण त्या खोऱ्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तिथलं चीज जगभर जातं, आमच्या घरात आलं नाही. पोटाला बाधतं म्हणायचा, आणि बाकी सगळी चीजं मात्र मजेत खायचा. मार्था गेल्यावर कारण विचारलं, तर तो पेन्सिलीचा भुगा गोळा करत बसला. मग माझं तोंड सुटलं. म्हटलं, मी आणि मार्था खोऱ्यातून जातो, तू जा तुझ्या मैदानातून एकटा, आणि बर्नला वाटलं तर भेट.

त्यानं नकाशाची घडी घातली. आठवडाभर टेबल रिकामं राहिलं, आणि ते रिकामं टेबल बघून मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायला लागली.

पुढच्या रविवारी दुपारी मी बटाटे किसत होते. तो समोर येऊन बसला आणि एक बटाटा हातात घेऊन सोलायला लागला. लहानपणी आपण शेतावर होतो, एवढंच लग्नाआधी त्यानं मला सांगितलं होतं. त्याचा अर्थ मला कळला होता. त्या काळी बाप मेला आणि घरात दारिद्र्य असलं की गावची पंचायत मुलं उचलायची आणि कुठल्यातरी शेतकऱ्याकडे कामाला ठेवायची. अशी पुष्कळ पोरं होती. ती मोठी झाल्यावर त्याबद्दल बोलायची नाहीत, आणि बाकीचे विचारायचे नाहीत. मीही विचारलं नव्हतं. ते शेत त्या खोऱ्यात होतं, टानमाट नावाच्या चिमुकल्या स्टेशनाच्या वर.

आठ वर्षांचा होता तेव्हा शेतकऱ्याची बायको कुणाशीतरी बोलत होती, ते त्याच्या कानावर पडलं. त्याची आई बर्नच्या इस्पितळात होती, आणि आता फार दिवसांची नव्हती. सकाळचं दूध काढून झाल्यावर यानं चर्चला जायचे कपडे घातले आणि उतार उतरून स्टेशनावर गेला.

“फलाटावर मी एकटाच,” तो म्हणाला. “ताठ उभा राहिलो. हात खाली, मांड्यांना चिकटवून. त्या घरात तसंच उभं राहायचं असायचं. मोठ्यांसमोर हात खाली, आणि मागायचं काही नाही. पावसुद्धा नाही. दिला तर खायचा.”

“मग?”

“गाडी आली. आणि गेली.”

मला कळेना. स्टेशन आहे, माणूस उभा आहे, तर गाडी जाईलच कशी?

“तिथे पाटी होती. मागितल्यास थांबेल. हात वर करून दाखवायचा असतो, तर थांबते. मी वाचली होती पाटी, एल्सबेट. मला वाचता यायचं. पण मागायचं कुणाकडे? तिथे कुणीच नव्हतं.” बटाटा कधीच सोलून झाला होता, तरी त्याची सुरी फिरतच होती. “चालकानं माझ्याकडे बघितलं. अगदी नीट बघितलं.”

थोड्या वेळानं शेतकरी घोडागाडी घेऊन आला आणि त्याला परत घेऊन गेला. पुढे काय झालं ते नोल्डीनं सांगितलं नाही. त्याच आठवड्यात आई गेली.

मी म्हटलं, राहू दे ते खोरं, आपण मैदानातूनच जाऊ. त्यानं हात धुतले, नकाशा उघडला, आणि मैदानातली रेघ खोडून खोऱ्यातून काढली. मार्थाला यातलं काही सांगायचं नाही, एवढं माझं मीच ठरवलं.

वसंतात निघालो. ल्युसर्नच्या तळ्यावर ऊन पडलं होतं, पण नोल्डीनं बोटीवर मासा घेतला तो तसाच ताटात ठेवला. मार्थानं चिमटा काढला, चाळीस वर्षं झाली म्हणून भूक मेली का रे? मी टेबलाखालून तिला लाथ मारली. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी खोऱ्यातली गाडी. हिरवे उतार, मोठ्या छपरांची घरं, कुंपणापाशी गाई. मार्था एकेक घर दाखवत होती. दारावरच्या पट्टीवर टानमाट नाव उमटलं, आणि खाली तेच शब्द, मागितल्यास थांबेल. आता डब्यातच दाराजवळ बटण असतं. कुणी उठलं नाही, गाडीचा वेग कमी होईना.

नोल्डी उठला.

“अरे, बर्न लांब आहे अजून,” मार्था म्हणाली.

तो दाराशी जाऊन उभा राहिला. ताठ. हात खाली, मांड्यांना चिकटवून. बटण त्याच्या छातीसमोर होतं. मी धावत जाऊन दाबलं असतं, माझे पाय तसे उचललेही होते. पण ते मी दाबून उपयोगाचं नव्हतं. बसून राहिले, आणि तसं बसून राहणं फार जड गेलं. शेवटी त्याचा उजवा हात वर आला.

गाडी थांबली. दार उघडलं. फलाटावर चिटपाखरू नव्हतं. शेणाचा आणि ओल्या गवताचा वास डब्यात आला. तो उघड्या दारात नुसता उभा राहिला, खाली उतरला नाही. तपासनीस आला, म्हणाला, आजोबा, उतरायचंय ना?

“नाही,” नोल्डी म्हणाला. “माफ करा.”

दार लागलं, गाडी निघाली. तपासनीस काहीतरी पुटपुटत पुढे गेला. नोल्डी माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं होतं याला आता बरं वाटेल. कुठलं बरं!

“एवढंच होतं,” तो म्हणाला. “नुसता हात वर करायचा होता. एवढंच करायचं होतं मी.”

मग मात्र मला राहवलं नाही. “तू नाही,” मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्यानं की पुढच्या बाकांवरच्या माना वळल्या. “तू काही करायचं नव्हतंस. आठ वर्षांचं पोर एकटं उभं दिसतंय, तर ते हात कधी करतंय याची वाट बघतात का? थांबायचं असतं. न मागता थांबायचं असतं!”

मार्थानं हळूच आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

नोल्डी माझ्याकडे बघत होता. इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या मनाला शिवलाच नव्हता, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसलं. पाण्याची बाटली माझ्या पायाशी होती, त्याच्याही हाताला सहज लागली असती.

“एल्सबेट,” तो म्हणाला, “मला जरा पाणी दे.”

मी झाकण काढून बाटली त्याच्या हातात दिली.