हीटरची दांडी
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर दोन गंजके पत्र्याचे डबे हाताला लागले आणि जुन्या ऑइलचा वास नाकात शिरला. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या गाडीचं इंजिन मी बेंगळुरातल्या बोम्मसंद्र्यात नव्यानं बांधून घेतलं होतं. तिचं इंजिन हवेनंच थंड होतं, तिच्यात रेडिएटर नाही. धुराच्या नळ्यांभोवतीच्या या डब्यांत तापलेली हवाच हीटर म्हणून आत येते. "डबे सडलेत सर, नवे मागवू, स्वल्प थांबा," मेकॅनिक म्हणाला. पण मला नुसत्या नळ्यांचा दणदणीत आवाज हवा होता. "बेंगळुरात हीटर कशाला?" म्हणून मी डबे काढून माळ्यावर टाकले, आणि अण्णांना कळू नये म्हणून हीटरची दांडी तेवढी जागेवर ठेवली. त्याच डिसेंबरात आम्ही दोघं पहाटे नंदी डोंगरावर निघालो. धुकं दाटलं तशी अण्णांनी दांडी ओढली, वाकून दोन्ही हात हीटरच्या झरोक्यापाशी धरले आणि म्हणाले, "सरी, ठीक. आता बरी ऊब येतेय." मी हो म्हटलं. वर पोचल्यावर त्यांना उतरवायला हात धरला, तर बोटं गारठून ताठ झालेली. ती त्यांनी पटकन शालीत लपवली. नवे डबे मी बसवले, पण अण्णा गेल्यावर. त्यानंतर दांडी मी अजून ओढलेली नाही.