दाराचे माप

आमच्या कारंज्यात कर्णबधिर मुलांची एक लहान शाळा आहे. तिथल्या श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्यांसाठी आमच्या गल्लीतल्या एक बाई मण्यांची तोरणे करून विकतात. ओवताना त्या ओठांतल्या ओठांत मणी मोजतात. कोणी हाक मारली, तर केवळ भुवई उंचावतात. एक मणी चुकला, तरी सबंध ओळ उसवतात. वह्या तपासण्यात हयात गेलेल्या मला ही शिस्त मनापासून आवडते.

तोरण ओवण्यापूर्वी त्या प्रत्येकाला दाराचे माप विचारतात. दिवाळीत मलाही विचारले, तेव्हा "कोणतेही चालेल" असे मी म्हणालो. तोरण घेतले आणि सत्कार्याला हातभार लावल्याच्या समाधानात कपाटात ठेवून दिले.

परवा त्या घरी आल्या. चौकटीकडे पाहून म्हणाल्या, "गुरुजी, तोरण कुठी हाय?"

"जपून ठेवले आहे."

"जपाले ते काय सातबारा हाय? तुमी दान देलं, तोरण घेतलंच नाई. पोरायच्या नावावर खपते म्हनून मी काई बी ओवत नाई."

मी खालमानेने तोरण आणून दिले. त्यांनी ते चौकटीला लावून पाहिले. ते चार बोटे आखूड पडले.

"तुमी माप नाई सांगतलं, तवाच समजलं होतं मले," असे म्हणून त्यांनी तोरण पिशवीत टाकले. "वाढवून आनतो. आता तरी माप द्या."

मी सुतळी घेतली आणि प्रथमच स्वतःच्या दाराची रुंदी मोजली.