नऊ इंचांची पायरी

बाजारात तयार मिळणारी वस्तू आपल्या कामाची नसतेच, असं ठामपणे मानणारा माणूस पुण्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. कोथरूडमधल्या त्यांच्या घरात टॉवेल अडकवायच्या खुंटीपासून पोळपाटाच्या पायांपर्यंत सगळं त्यांनी स्वतः घडवलेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि ती दगडधोंड्यांतून चढावी म्हणून तीन वर्षं तिचा एकेक भाग नव्याने बनवत बसले. कारण साधं होतं. माझ्या मेव्हणीचं, म्हणजे ताईंचं माहेर वेल्ह्याकडच्या एका पठारावर आहे. शेवटची वाट नुसत्या खडकांची, आणि गुडघे गेल्यापासून सहा वर्षं ताईंनी माहेरचा उंबरठा पाहिलेला नव्हता. रस्ता होईपर्यंत थांबा, असं सगळ्यांनी सुचवलं. "मी हिला दारापर्यंत नेणार आहे," एवढंच बोलून त्यांनी ग्राइंडर सुरू केला.

त्यांची पद्धत अशी, की लोखंडाला हात लावण्याआधी प्रत्येक भाग पुठ्ठ्याचा करून गाडीला लावून बघायचा. पुठ्ठा लग्नपत्रिकांचा, कारण एवढा कडक कागद विकत मिळत नाही असं त्यांचं मत. पत्रिका घरात आली की तारीख वाचायच्या आत तिला कात्री लागे. त्यामुळे बॅटरीची पट्टी चपखल बसली आणि सख्ख्या पुतणीच्या लग्नाला हे दोघं दुसऱ्या दिवशी पोहोचले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली, की पार्किंग गाड्या उभ्या करण्यासाठी आहे, जन्माला घालण्यासाठी नाही. नोटीस दुर्दैवाने जाड कागदावर होती. चौथ्या दिवशी ती मला दिव्याच्या ब्रॅकेटच्या आकारात कापलेली दिसली. प्रत्येक पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात भागाचं नाव, बाजू आणि एखादी सूचना लिहून ते तो मांडीवर सांभाळत बसने वाघोलीला, वेल्डरच्या शेडवर नेत. "काका, पुठ्ठा लई भारी हाय, पण लोखंडाला वाचता येत नाय," असं तो वेल्डर म्हणायचा आणि तरी हवं तसंच करून द्यायचा.

शेवटी गाडी झाली. नारळ फुटला, गॅलऱ्या माणसांनी भरल्या आणि ताई नवी साडी नेसून खाली आल्या. जीप इतकी उंच झाली होती की तिचा तळ त्यांच्या मांडीला लागत होता. त्यांनी दोनदा पाय उचलून पाहिला, मग शांतपणे म्हणाल्या, "गाडी चढेल हो. मी कशी चढू?" वाटेतला दगड न् दगड या माणसाने मोजला होता, बायकोचा गुडघा तेवढा मोजायचा राहिला होता. मला हसू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला, कारण साडूंचा चेहरा पाहवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ताईंच्या पायाशी वर्तमानपत्रांची रद्दी रचायला घेतली. वर पाय ठेवायला लावत एकेक अंक वाढवत गेले आणि ताईंच्या कपाळाला आठी पडली तिथे थांबले. नऊ इंच. मग गाडीच्या कडेला घडी होणारी दुहेरी पायरी आली. पहिली खडकाला लागून वाकली. दुसरी चाचणी घेताना टेकडीवरच गळून पडली, तिला शोधायला आम्ही तासभर फिरलो. लोकांनी स्टूल घेऊन जा म्हटलं तेव्हा ते आठवडाभर कोणाशी बोलले नाहीत. तिसरी टिकली.

गेल्या महिन्यात आम्ही गेलो. मी मागे बसून देवाचं नाव घेत होतो. जीप थेट अंगणात उभी राहिली, पायरी उघडली आणि ताई एक, दोन करत कोणाचाही हात न धरता उतरल्या. उंबरठ्याला हात लावून बराच वेळ वाकून राहिल्या. माझे डोळे भरून आले. साडूंनी मात्र यातलं काहीच पाहिलं नाही, कारण ते गाडीखाली आडवे होऊन पायरीचे बोल्ट तपासत होते.

"अहो, त्या पोचल्या. बघा तरी," मी म्हणालो.

"परत चढायचंय तिला," खालून आवाज आला. "तो पुठ्ठा द्या जरा."

मी हत्यारांच्या पेटीतून पायरीचा पुठ्ठा काढला. कुणाच्या तरी लग्नाची केशरी पत्रिका होती, तिच्यावर पेन्सिलने काढलेली ताईंच्या पावलाची रेघ, आणि खाली त्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: उजवा पाय. सकाळी जास्त दुखतो.