एकेचाळीस राजीनामे आणि मामाचा एक अर्ज

माझा मामा तेवीस वर्षं सरकारी स्टेनो होता, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं थेट पंतप्रधानांचा. हे मी मिरवायला सांगत नाहीये. मिरवण्यासारखं त्यात काय होतं ते मामीला विचारा, पण मामीला आता बोलता येत नाही.

पंतप्रधानांना सगळे साहेब म्हणत. साहेबांची बोलायची एक तऱ्हा होती. वाक्य सुरू करायचं आणि अर्ध्यावर हात हलवून सोडून द्यायचं. उरलेलं मामाने भरायचं. 'जनतेच्या मनात माझ्याबद्दल जो…' एवढं बोलून साहेब चष्मा पुसायला लागले, की मामा 'विश्वास आहे तो मी सार्थ ठरवीन' असं आपल्या मनाने लिहून मोकळा. देशाने नऊ वर्षं ज्या भाषणांवर टाळ्या पिटल्या, त्यातली निम्मी आमच्या मामाची. घरी मात्र हा माणूस 'मीठ दे' च्या पलीकडे बोलायचा नाही. ही हुशारीच त्याच्या मुळावर आली.

तीन वर्षांपूर्वी मामीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मूलबाळ नाही. शेजारच्या शिंपीणबाई दिवसातून दोनदा येऊन तिला भरवून जायच्या. बाई भल्या, पण त्यांनाही पोट होतं आणि घरी शिवणाचा ढीग होता. मामाने स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज केला. नामंजूर, पर्यायी व्यवस्था नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षीही तेच. साहेबांची अर्धी वाक्यं पुरी करणारा दुसरा कुणी सापडत नव्हता ना. नोकरी नुसती सोडावी तर पेन्शन बुडते, आणि मामीची औषधं पेन्शनशिवाय येणार कुठून? मामी दिवसेंदिवस वाळत चालली होती. 'ती जाईल तेव्हा मी दुसऱ्याचं वाक्य पुरं करत बसलेला असेन,' असं मामा एकदा मला म्हणाला. तो असं बोलला की मला फार भीती वाटायची.

तेवढ्यात रुग्णवाहिकांचं प्रकरण निघालं. सरकारने नऊशे रुग्णवाहिका घेतल्या होत्या. कंत्राट साहेबांच्या मेहुण्याला. गाड्या दिसायला झकास, फक्त स्ट्रेचर मागच्या दारातून आत जात नव्हतं. रोग्याने उठून, चालत आत बसावं अशी सोय. ओरड झाली तेव्हा साहेब शांतपणे म्हणाले, 'मी रोज दोनशे कागदांवर सह्या करतो. वाचत बसलो तर देश कोण चालवणार?' हे मात्र वाक्य त्यांनी स्वतःच पूर्ण केलं होतं.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. ज्या मंत्र्यांनी काल साहेबांच्या वाढदिवसाला रांगा लावल्या होत्या, त्यांना एका आठवड्यात तत्त्वं आठवली. राजीनामे सुरू झाले. आणि गंमत बघा, ते लिहायला सगळे आमच्या मामाकडे. आपल्या माणसांवर कुणाचा भरवसा नव्हता, आणि मामा कुणाला काही सांगणार नाही हे अख्ख्या गावाला माहीत. मामाने एक मसुदाच करून ठेवला. अत्यंत जड अंतःकरण, आतला आवाज, देशहित, खाली नाव आणि खातं बदलायचं. तीन दिवसांत एकेचाळीस. एकेका मंत्र्याचा आतला आवाज छापून बाहेर पडायला चार मिनिटं लागत.

मत्स्यव्यवसायमंत्री फारच घाईत आले. मामाने नाव बदललं, खातं बदलायचं राहिलं. मूळ मसुद्यात नमुना म्हणून शिक्षण घातलेलं होतं. मत्स्यवाल्यांनी न वाचता सही केली आणि साहेबांनी न वाचता राजीनामा स्वीकारला. झालं, शिक्षणमंत्रिपद रिकामं. खरे शिक्षणमंत्री घरी निवांत पेपर वाचत होते, त्यांना टीव्हीवर कळलं की आपण गेलो. बिचाऱ्यांनी राजीनाम्याचा विचारसुद्धा केला नव्हता. पण बाहेर पत्रकार जमलेले पाहून ते फाटकाशी आले आणि म्हणाले, 'माझा आतला आवाज मला गप्प बसू देईना.' मामाला दोन दिवस घाम फुटला होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्यावरूनच मामाच्या डोक्यात आलं. इथे कुणी काही वाचतच नाही. मग आपला अर्ज साहेबांच्या सह्यांच्या गठ्ठ्यात घालायला काय हरकत आहे? वर 'मंजूर' असं टाइप करून ठेवायचं. जन्मात कचेरीतली एक पेन्सिल घरी न आणलेला माणूस हा. तीन दिवस विचार करून त्याने तो कागद गठ्ठ्याच्या मधोमध घातला.

आणि नेमकं त्याच सकाळी साहेबांच्या वकिलाने त्यांना दम भरला होता, की यापुढे एकाही कागदावर न वाचता सही करायची नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा साहेब वाचायला बसले. मामा समोर उभा. एक कागद, दुसरा कागद, बोट ठेवून. मामाच्या अर्जापाशी बोट थांबलं.

'तीन वर्षं बायको अंथरुणाला खिळलीय?' साहेब म्हणाले. 'मला कुणी सांगितलं नाही.'

'तीनदा अर्ज केला होता, साहेब. तिन्ही वेळा नामंजुरीवर आपलीच सही आहे.'

मामाकडून हे ऐकताना मला वाटलं, आता तरी माणूस खजील झाला असेल. छे. साहेबांचे डोळे भरून आले, पण स्वतःसाठी. 'बघा, म्हणजे माझ्या सह्यांचा लोकांनी किती गैरफायदा घेतला,' ते म्हणाले, आणि मामाने होकारार्थी मान हलवली. काय करणार, सवय. मग साहेबांनी मंजुरीवर सही केली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, 'आता माझा घ्या. मी आज…' आणि हात हलवून खिडकीकडे वळले.

मामाने मसुदा काढला, नाव आणि पद बदललं. या वेळी दोनदा तपासलं. दुपारी साहेबांनी पायऱ्यांवर उभं राहून तो वाचला. शेजारी त्यांच्या बाईसाहेब रुमाल घेऊन. आपल्या आतल्या आवाजापाशी साहेब इतके गहिवरले, की आम्ही टीव्हीसमोर हसून हसून बेजार झालो. मामा तेव्हा डबा पिशवीत घालून घरी निघाला होता.

महिन्याभरात नव्या साहेबांचा आदेश निघाला. जुन्या साहेबांनी शेवटच्या दिवशी केलेल्या सर्व सह्या रद्द. त्या दिवशी पुतण्याला दिलेली जमीन, मेहुण्याची थकलेली बिलं आणि आमच्या मामाची निवृत्ती, सगळं एका माळेत. जमिनीसाठी आणि बिलांसाठी समिती बसली, आणि दोन्ही एका आठवड्यात पुन्हा मंजूर झाली. मामासाठी समिती कोण बसवतो? त्याला पत्र आलं, ताबडतोब कामावर हजर व्हा, अन्यथा पेन्शन गमवाल. पत्रात अकरा चुका होत्या. टाइप करायला मामाच नव्हता ना तिथे. मामाने त्या लाल पेनने दुरुस्त केल्या आणि कागद परत पाठवून दिला. दुसरं पत्र आलं, पेन्शन बंद. जुने साहेब तोवर देशाने दिलेल्या बंगल्यात आठवणी लिहायला बसले होते, आणि त्यांना मोटार, माळी आणि दोन स्टेनो मिळाले होते.

मी तणतणत मामाकडे गेले. मामा मामीला भरवत होता. मामी चांगली भरली होती, गालावर रंग आला होता. मी पाहिलं पण माझं डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, 'मामा, कोर्टात जा. तेवीस वर्षं घासलीस तिथे. असा कसा गप्प बसतोस? मी वकील बघते.'

'बघ,' तो म्हणाला. 'पण आधी इकडे ये. तिच्या डाव्या बाजूला बस.'

मी बसले. त्याने एक घास मामीच्या डाव्या गालात ठेवला. तिने तो सावकाश चावला, गिळला आणि पुढच्यासाठी तोंड उघडलं.

'उजवीकडून घातला की घास तिथेच अडकतो, ठसका लागतो, मग ती तोंड मिटून घेते,' मामा म्हणाला. 'घरी बसायला लागलो त्याच्या चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं. शिंपीणबाई उजवीकडे बसायच्या. त्यांना वाटायचं हिला भूकच नाही. त्यांचं काय चुकलं? पलंगाची डावी बाजू भिंतीला टेकलेली होती.'

त्याने मामीचे ओठ पुसले. माझ्याकडे बघितलं नाही.

'तीन वर्षं ती अर्धपोटी होती गं. नुसता पलंग ओढायचा होता. आणि मी सही मागत बसलो होतो.'